डिकीत सिमेंटची पोती?

नवी असताना पस्तीस-चाळीस लाखांना पडलेली आलिशान मोटार तिसऱ्या मालकाकडे येते तेव्हा छोट्या गाडीच्या भावात मिळते. गाझियाबादेत राहून मुरादनगरच्या बाजूला घर बांधायला काढलेल्या गृहस्थाला मग वाटते, गाडी दणकट, डिकी प्रशस्त. माणसेही बसतील आणि सामानही जाईल. इथेच हिशेब चुकतो.

सिमेंटचे पोते 50 किलोचे. सहा पोती म्हणजे चार माणसांचे वजन, तेही सगळे गाडीच्या शेपटाकडे. मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग हवे तसे ऐकत नाही आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मुळातच ठेंगणी असलेली ही गाडी उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर पोट घासत चालते. चेंबर फुटून तेल गळाले, की इंजिन जाम. काही बड्या गाड्यांत तर स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चात टेम्पोच्या कितीतरी खेपा होतील! असली ओझी अॅम्बॅसॅडरने मागच्या पाट्यांवर निमूट सोसली, पण तिचे उत्पादनही 2014 मध्ये थांबले.

शिवाय कागदपत्रे. दिल्ली परिसरात, म्हणजे गाझियाबादेतही, दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरली. 2025 मध्ये त्याबाबत पुन्हा आदेश निघाले. गाडी इतकी स्वस्त का, याचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते. तेव्हा इसार देण्यापूर्वी गाडीचा नंबर घेऊन आरटीओत चौकशी करावी आणि पोत्यांसाठी टेम्पोच सांगावा.