सैनिकाचे मन आणि गुप्ततेचा हक्क

आपल्या समाजाचे फौजेशी नाते जुने आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. बाबासाहेबांचा जन्मही महूच्या लष्करी छावणीतला. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. आजही अनेक घरांत तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी वर्दीतल्या मुलाचा फोटो दिसतो. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्या मुलाला रात्र रात्र झोप लागत नसेल, जगणे नकोसे होत असेल, तर तो ते कोणाला सांगतो?

बहुतेक वेळा कोणालाच नाही. फौजेत जवानाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' पद्धतीने ठरते आणि त्यातले पहिले अक्षर मानसिक स्थितीचे असते. श्रेणी खाली आली तर नेमणूक आणि बढतीवर परिणाम होईल, सोबती 'कच्चा निघाला' म्हणतील, ही भीती त्याला असते. आपल्या मुलांवर आणखी एक ओझे असते. इंग्रजांनी 'लढाऊ जात नाही' असे ठरवून महारांची भरती बंद केली होती. तो डाग पुसण्यासाठी पिढ्या झटल्या. म्हणून कमजोर दिसायचे नाही, हे घरातूनच शिकवले जाते.

निवृत्त जवानाची गत वेगळी नाही. चाळिशीच्या आसपास तो घरी येतो. कुठे सिक्युरिटी गार्ड म्हणून लागतो, कुठे दारू जवळ करतो. 'पेन्शन आहे, कँटीन आहे, कमी काय आहे?' असे म्हणून आपण विषय संपवतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की सैनिकासाठी मदतीइतकीच गुप्तता महत्त्वाची आहे. ती मेहेरबानी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा गरजेपुरती माहिती सांगता येते, असे काही मोजके अपवाद आहेत. त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात.

शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि मराठीतही बोलता येते. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. हे पाऊल योग्यच होते. पण नुसता क्रमांक देऊन भागत नाही. फोनवर बोललेले वरिष्ठांपर्यंत जाते का, श्रेणीच्या कागदावर चढते का, याचे साध्या शब्दांतले उत्तर प्रत्येक बराकीत आणि प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लावले पाहिजे. प्रयोग म्हणून दिलेली सोय कायमची झाली पाहिजे. आपल्या माजी सैनिक संघटनांनी पेन्शनच्या निवेदनात हीही मागणी घालावी.

गुप्ततेचा दुसरा अर्धा भाग आपल्या हाती आहे. सुनेने विश्वासाने सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वस्तीभर होत असेल, तर कायदा काय करणार? असत्य न बोलणे हे जसे शील आहे, तसे चहाडी न करणे हेही सम्यक वाचेतच येते. सुट्टीवर आलेला मुलगा गप्प गप्प असेल, सामान वाटून टाकत असेल, निरोपाची भाषा बोलत असेल, तर त्याला एकट्याला गाठून सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. उपदेश करू नका, ऐकून घ्या. सोबत बसून १४४१६ लावा. धोका आताच दिसत असेल तर त्याला एकटे सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या.

येत्या पौर्णिमेला प्रत्येक विहाराच्या फलकावर हा क्रमांक लिहा. त्याखाली एवढेच लिहा: इथे सांगितलेले इथेच राहील. आणि ते खरोखर तिथेच राहू द्या.