पाटीच्या आधी ताट

चेन्नईला गेलेला मराठी माणूस टी. नगरला गेल्याशिवाय परतत नाही. कांजीवरम घ्यायची असते, निदान चार दुकाने पालथी घालायची असतात. त्या गर्दीत ‘टी’ म्हणजे काय, हे विचारायला कोणाला सवड नसते. तो ‘टी’ पिट्टी त्यागराय चेट्टी यांचा. जस्टिस पार्टीचे पुढारी, व्यापारी गृहस्थ आणि मद्रास महापालिकेचे अध्यक्ष. 1920 च्या सप्टेंबरात त्यांच्या महापालिकेने एक छोटासा ठराव केला. थाउजंड लाइट्स भागातल्या पालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे द्यावे, मात्र दर मुलामागे दिवसाचा खर्च एका आण्याच्या वर जाऊ नये.

हे आत्ता आठवण्याचे कारण म्हणजे एप्रिल. या महिन्यात शाळांच्या बातम्यांना बहर येतो. पेपर संपत आलेले असतात, प्रगतिपुस्तकांवर सह्या व्हायच्या असतात, वर्षभरातल्या ढाली आणि चषकांचे फोटो निघतात. मग दहावी-बारावीचे निकाल, आणि निकालापाठोपाठ चौकाचौकांत फ्लेक्स. चेन्नईत याहून वेगळे चित्र नाही. उलट तिथे मिरवायला बुद्धिबळाचा पट जास्तीचा आहे. दोम्माराजू गुकेशने 2024 च्या एप्रिलमध्ये टोरांटोत कँडिडेट्स स्पर्धा जिंकली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. डिसेंबरात सिंगापूरला तो जगज्जेता झाला. आनंद, प्रज्ञानंद, वैशाली आणि गुकेश ज्या शहरातून निघाले, तिथल्या शाळांनी छाती फुगवली तर नवल नाही.

पण याच राज्याने 2017 मध्ये दहावी-बारावीच्या निकालात पहिला-दुसरा-तिसरा जाहीर करणे बंद केले. आपल्या मंडळाची गुणवत्ता यादीही बंद झाली आहे. त्या रिकाम्या खिळ्याला क्लासवाल्यांनी आपली यादी टांगली, हा भाग वेगळा. पहिला कोण हे विचारायचे नसेल, तर वर्षाच्या शेवटी शाळेला विचारायचे काय? आमच्या मते त्यागरायांच्या एका आण्यात याचे उत्तर आहे. पहिल्या दिवशी पटावर किती होते, शेवटच्या दिवशी वर्गात किती उरले, आणि मधले कुठे गेले, हे विचारायचे.

त्या एका आण्याचा हिशेब लोकांच्या डोळ्यांदेखत झाला. थाउजंड लाइट्सनंतर पालिकेने आणखी चार शाळा त्यात घेतल्या. या शाळांचा पट 1922-23 मध्ये 811 होता, तो 1924-25 मध्ये 1671 झाला. दोन वर्षांत दुप्पट! नवी इमारत नाही, नवा अभ्यासक्रम नाही, फक्त दुपारचा घास. मग सरकारी खाक्याप्रमाणे व्हायचे ते झाले. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून जेवणाचा खर्च करता येणार नाही, असा आक्षेप ब्रिटिश सरकारने घेतला आणि 1925 मध्ये योजना थांबली. त्याच वर्षी त्यागराय वारले. जेवण हा शिक्षणाचा खर्च नव्हेच, असे म्हणणारे हिशेबनीस आजही कचेऱ्यांत भेटतात.

तमिळ मुलखात शाळा आणि पंगत एका छपराखाली असणे हे 1920 च्या आधीपासूनचे आहे, आणि त्यात आपल्या माणसांचाही हात आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे तरुणपणी काही वर्षे मद्रासेत राहून शिकले. मिशनरी गेरिके त्यांच्या शिक्षणाकडे पाहत. 1798 मध्ये ते गादीवर आले, आणि 1801 मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटाला आपल्या छत्रांबद्दल एक पत्र लिहिले. रामेश्वरच्या वाटेवरची ही अन्नछत्रे आणि तिथली व्यवस्था चालू राहावी, एवढाच त्याचा हेतू. पण त्यात ओघाने आलेला तपशील शिक्षणखात्याने फ्रेम करून लावावा असा आहे. छत्रात पंतोजी नेमलेले, वैद्यही नेमलेले. अनाथ पोरे पंतोजींच्या हवाली करायची, त्यांना दिवसातून तीन वेळा जेवू घालायचे, चार दिवसांतून एकदा तेल लावून न्हाऊ घालायचे, ज्या विद्येकडे ओढा असेल ती शिकवायची. शिकून तयार झाली की त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्राने उचलायचा. पुढे ओरत्तनाडला सरफोजींनी मुक्तांबाळ छत्र उभारले, तिथेही शाळा आणि अन्न बरोबरच होते. इंग्रजी अमदानीला न जुमानता चाललेली ही पद्धत होती असे म्हणता येणार नाही. राज्य नावापुरते उरलेल्या राजाने निदान छत्रे हातची जाऊ नयेत म्हणून केलेले ते आर्जव होते. हट्ट मात्र बरोबर जागी धरलेला.

इकडे महाराष्ट्रात मुले वार लावून शिकत, माधुकरी मागून शिकत. त्या आठवणी आपण फार हळवे होऊन सांगतो, पण ते दार ठरावीक जातीच्या मुलांनाच उघडे होते, हे सांगायचे राहून जाते. बाकीच्यांसाठी दार उघडले ते शाहू महाराजांच्या कोल्हापुरातल्या वसतिगृहांनी आणि भाऊराव पाटलांनी. रयत शिक्षण संस्था 1919 ची, थाउजंड लाइट्सचा ठराव 1920 चा. वसतिगृहातल्या मुलांचे पोट भरावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट अंगावरचे सोने मोडले. दोन्हीकडे एकाच सुमाराला एकच गोष्ट कळली होती. फरक पुढे पडला. तमिळनाडूने तो खर्च सरकारी तिजोरीवर टाकला. 1956 मध्ये कामराज, 1982 मध्ये एमजीआर आणि 2022 मध्ये सकाळच्या न्याहारीची भर घालणारे स्टालिन, पक्ष कोणताही असो, ताट कोणी काढून घेतले नाही. प्रत्येकाने त्यात काहीतरी वाढलेच. चेन्नईतल्या पालिकेच्या शाळेत आज पहिली ते पाचवीच्या मुलांना सकाळी उपमा, खिचडी किंवा पोंगल, सोबत सांबार आणि दुपारी भात मिळतो. आठवड्यातले पाचही दिवस अंडे मिळते. याच राज्याने 2020 मध्ये कायदा करून वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. न्याहारीपासून मेडिकलपर्यंत एक सलग वाट तयार करायची, असा तो विचार दिसतो.

आता दुसरी बाजू. पोट भरले म्हणजे अक्षर आले असे नाही. ‘असर’च्या 2022 च्या ग्रामीण पाहणीत तमिळनाडूतल्या तिसरीच्या शंभर मुलांत दुसरीचा धडा वाचू शकणारी पाचसुद्धा नव्हती. कोरोनाच्या दोन वर्षांचा तो तडाखा होता हे खरे, पण त्याआधीचा आकडाही मिरवण्याजोगा नव्हता, आणि वाचनात महाराष्ट्र त्यांच्या बराच पुढे आहे. शिवाय ताटात जात शिरतेच. 2023 मध्ये करूर जिल्ह्यात दलित बाईने शिजवलेली न्याहारी आमची मुले खाणार नाहीत, असे काही पालकांनी सांगितले. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळेत जाऊन, मुलांबरोबर बसून ती खाल्ली. तेव्हा चेन्नईचे गोडवे गाताना हेही ध्यानात ठेवलेले बरे.

पण वाचता न येणारे मूल वर्गात असेल तर त्याला शिकवता येते. वर्गात नसेल तर त्याचा आकडा कोणत्याच पाहणीत बरा दिसत नाही. म्हणून पटाचा प्रश्न आधी येतो. याच ठिकाणी आपण कच खाल्ली. महाराष्ट्राने 2023 च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्याला केळे. एकदाच, पण द्यायचे ठरवले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी बंद झाला. अंडे द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना कळवण्यात आले. ज्या वस्तीतल्या पोरांना अंड्याची गरज आहे, त्याच वस्तीत वर्गणी काढायची, ही युक्ती काढणाऱ्याला 1925 च्या हिशेबनिसाने शाबासकी दिली असती.

मुंबई महापालिका आजही तमिळ माध्यमाच्या शाळा चालवते, तमिळ मजुरांची पोरे तिथे शिकतात. चेन्नईहून आपण घ्यायचे ते साड्यांपुरतेच का असावे? जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी शालेय शिक्षण विभागाने अंड्याचा निधी पूर्ववत करावा. आणि राज्यातल्या एका तरी महापालिकेने आपल्या शाळेत सकाळची न्याहारी सुरू करून वर्षअखेरीस पटाचा आकडा जाहीर करावा. सगळ्या शाळांत एकदम जमणार नाही, हे मान्य. त्यागरायांनीही सुरुवात एकाच शाळेपासून केली होती.