रांग नेमकी कोठे लागते?

दहावीच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडेना, की आपण चटकन म्हणतो, "आणखी संगणक का बसवत नाहीत?" विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. ते कोठे बसवायचे, हे आधी विचारा.

अशा व्यवस्थेत बहुधा तीन थर असतात. पहिला तुमची मागणी घेतो, दुसरा तिच्यावर प्रक्रिया करतो आणि तिसरा साठवलेल्या माहितीतून तुमचे गुण शोधून आणतो. समजा, तिसरा थर सेकंदाला २०० मागण्याच पुऱ्या करू शकतो. मग पहिल्या थरात दहापट संगणक लावले, तरी उत्तरे २००च मिळणार. उलट आत शिरलेली गर्दी तिसऱ्याच्या दारात तुंबेल!

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग यांनी १९०९ मध्ये अशा रांगांचे गणित मांडण्यास आरंभ केला. त्यातले सर्वांत साधे उदाहरण पाहा. काम करणारा एकच. मागण्या अनियमित येतात, प्रत्येकीला लागणारा वेळही कमीजास्त. तो निम्मा वेळ कामात असेल, तर उत्तर मिळायला सरासरीने रांग नसतानाच्या दुप्पट वेळ लागतो. ९० टक्के वेळ कामात असेल तर दहापट, आणि ९५ टक्के असेल तर वीसपट! म्हणून अरुंद थरात थोडी क्षमता मोकळी ठेवणे ही उधळपट्टी नव्हे. (हिशेबनिसांना हे पटवणे मात्र कठीण.)

शिवाय निकाल काही दर मिनिटाला बदलत नाही. मग गुणपत्रिका आदल्या रात्रीच तयार करून पहिल्या थरात का ठेवू नयेत? तिसऱ्या थराला त्या दुपारी कोणी हाकही मारणार नाही.