दुभाष्याच्या भरवशावर शंभर अब्ज डॉलर

चिनी भाषा आपल्याला जमणारी नाही आणि चीनमध्ये आपल्याला खायला काही मिळत नाही. उल्हासनगर ते वांगणी या पट्ट्यात चीनला जाऊन आलेला कोणीही भेटला की ही दोन रडगाणी ऐकावीच लागतात. त्या देशातून वर्षानुवर्षं माल आणून ज्यांनी घरावर माड्या चढवल्या, पोरांची लग्नं थाटात लावली, तेही हेच गातात. मला याची मनापासून चीड येते. ज्याच्या जिवावर आपण जेवतो त्याचं एक वाक्य आपल्याला कळत नाही, आणि याची लाज वाटण्याऐवजी आपण ते मिरवतो.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्याची खरेदी बघतो, राहतो वांगणीला. कामासाठी चीनला जाणं माझ्याही नशिबी आहे. चाळिशी उलटल्यावर खासगी शिकवणी लावून मी चिनी शिकलो. वाचायला आजही वेळ लागतो, पण समोरचा काय बोलतो ते कळतं आणि कागदावर कुणाचं नाव आहे ते वाचता येतं. तेवढ्यावर मी हे लिहितो आहे.

आपला पट्टा चीनवर किती टेकलेला आहे हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवली जाते ती कितीतरी ठिकाणी चिनी शिलाई यंत्रांवर. फर्निचर बाजारातल्या बिजागऱ्या आणि चॅनल, मोबाइलच्या दुकानातलं सगळं टांगलेलं सामान, अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतला कच्चा माल, सगळ्याची वाट तिकडूनच येते. 2024-25 या आर्थिक वर्षात भारताने चीनकडून 113 अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल घेतला. वुहान बंद पडलं तेव्हा काय झालं ते आठवा. 3 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारला पॅरासिटामॉलसह 26 औषधी द्रव्यांच्या आणि औषधांच्या निर्यातीवर बंधनं घालावी लागली, कारण तिकडचा कच्चा माल येईल की नाही याचीच खात्री नव्हती. आमच्या कारखान्यात तेव्हा रोज सकाळी एकच प्रश्न होता, तिकडे काय चाललंय? उत्तर द्यायला तिकडचं पत्रक वाचू शकणारा माणूस आजूबाजूच्या कारखान्यांत शोधून सापडत नव्हता. सगळे इंग्रजी बातमीची वाट बघत बसले होते आणि भाव रोज चढत होते.

झेजियांग प्रांतातलं यिवू घ्या. जगातला सगळ्यात मोठा किरकोळ वस्तूंचा घाऊक बाजार तिथे आहे, 75 हजारांच्या आसपास गाळे. आपला व्यापारी तिथे उतरतो आणि पहिलं काम करतो ते दुभाष्या धरण्याचं. हा दुभाष्या बहुतेकदा एजंटाचाच माणूस असतो. रोजची मजुरी तो आपल्याकडून घेतो आणि दलाली गाळेवाल्याकडून. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी लाखोंचा सौदा त्याच्या तोंडावर सोडला जातो.

उल्हासनगरच्या एका घाऊक व्यापाऱ्याबरोबर मी तिथे फिरत होतो. चार्जिंगच्या केबल घ्यायच्या होत्या. शेठने एक केबल उचलली, वाकवली, ओढून बघितली आणि विचारलं, “अंदर कॉपर है ना?” दुभाष्या पोराने प्रश्न चिनीत विचारला. गाळ्यावरच्या बाईने काहीएक लपवलं नाही. तिने सरळ सांगितलं की या भावात आत ॲल्युमिनियमची तार येते, वरून तांब्याचा पातळ मुलामा. निखळ तांब्याची हवी असेल तर ही घ्या, हिचा भाव वेगळा. असं म्हणून तिने दुसरी केबल पुढे सरकवली. दुभाष्या शेठकडे वळून म्हणाला, “हां, कॉपर है. दूसरा वाला महंगा है, ब्रँड है इसलिए.” कॅल्क्युलेटर इकडून तिकडे फिरला, दोन आकडे खोडले गेले, तिसऱ्यावर मान हलली. मी म्हटलं, “शेठ, थांबा. ती ॲल्युमिनियम म्हणतेय.” दुभाष्याचा चेहरासुद्धा बदलला नाही. “सेम क्वालिटी,” तो म्हणाला. मग मीच बाईला पुन्हा विचारलं. तिने कात्रीने केबल कापली, तार नखाने खरवडून आतला पांढरा धातू आमच्यासमोर धरला, आणि सौदा नव्याने सुरू झाला.

त्या तिघांच्या बोलण्यात खरं बोलणारी एकटी ती बाई होती. आणि तोच माल पहिल्या भावात इथे आला असता, महिन्याभरात बंद पडला असता, तर कॅम्पात बसून आम्ही काय म्हणालो असतो? चिनी माल, चिनी माणूस, यांचा काही भरवसा नाही.

हा तोटा शेवटी कोण भरतो, तेही बघा. वांगणीत अंध कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. 17 एप्रिल 2021 रोजी मयूर शेळके या पॉइंट्समनने वांगणी स्टेशनात रुळांवर पडलेल्या ज्या मुलाला गाडीपुढे धावत जाऊन वाचवलं, त्याची आई दृष्टिहीन होती. तेवढ्यापुरतं देशाला वांगणीचं नाव कळलं. यांतली कितीतरी माणसं कर्जत लोकलमध्ये कीचेन, कार्डाची पाकिटं, इअरफोन, केबल विकतात. माझ्या ओळखीचा एक विक्रेता केबल घेताना पिन घट्ट बसते का ते बोटांनी बघतो, वेष्टण जाड की पातळ ते सांगतो. आत तार कशाची आहे ते बोटांना कळत नाही. आठवड्याने तेच गिऱ्हाईक त्याच डब्यात केबल परत आणतं, चार शब्द सुनावतं, आणि हा आपल्या कमाईतले पैसे काढून देतो. त्याला माल देणारा घाऊकवाला परत घेत नाही, कारण त्याला आणणारा परत घेत नाही, कारण आणणाऱ्याला यिवूत तक्रार करायला तोंड नाही. ज्याच्या खिशात सगळ्यात कमी पैसे, त्याने सगळ्यांच्या आळसाचा दंड भरायचा, हा आपला व्यापार.

कागदाचं तर बोलायलाच नको. चीनमध्ये कंपनीचं कायदेशीर नाव असतं ते चिनी लिपीतलं. इंग्रजी नाव ज्याला जे आवडेल ते तो पाटीवर लावतो. परवान्यावर 18 आकडी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो, आणि त्यावरून कंपनी खरी की खोटी, मालक कोण, धंदा कसला, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. पण ते सगळं चिनीत. करारावर सहीपेक्षा वजन असतं ते कंपनीच्या लाल गोल शिक्क्याला, आणि त्यावरची अक्षरं परवान्यावरच्या नावाशी जुळतात का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. पैसे कुणाच्या खात्यावर पाठवतो आहोत तेही असंच ताडून बघता येतं. आपल्याकडचे लोक शिक्का लाल आहे एवढं बघून आगाऊ रक्कम पाठवतात. माल आला नाही की इकडे चेंबरमध्ये अर्ज, तिकडे दूतावासाला मेल. तिथलं कोर्ट चिनीत चालतं, आपला कागद भाषांतरासकट मागतं, आणि तोवर समोरचा दुकान बदलून मोकळा होतो.

याहून वाईटही घडलेलं आहे. 2011 च्या डिसेंबरात मुंबईच्या दोन जणांना यिवूच्या व्यापाऱ्यांनी डांबून ठेवलं. ज्या कंपनीसाठी ते काम करत होते तिचा मालक देणी बुडवून पळाला होता. त्यांना सोडवायला शांघायच्या भारतीय वकिलातीतले अधिकारी एस. बालचंद्रन कोर्टात गेले. बालचंद्रन यांना मधुमेह होता. तासन् तास अन्नाविना, औषधाविना थांबावं लागल्याने ते तिथेच कोसळले. जानेवारी 2012 मध्ये आपल्या दूतावासाने भारतीय व्यापाऱ्यांना यिवूपासून लांब राहा असा इशारा दिला. आपण काय केलं? थोडे दिवस थांबलो आणि पुन्हा तसेच गेलो, तोच दुभाष्या, तोच कॅल्क्युलेटर.

आता खाण्याचं. थेपले, खाकरे, चटण्या, भडंग यांनी अर्धी बॅग भरून नेणाऱ्यांवर माझा राग नाही. शाकाहाराचं व्रत पाळणं ही माणसाची स्वतःची बाब आहे, मीही मांस खात नाही. राग आहे तो डोळे मिटून खाण्यावर. “व्हेज” असं इंग्रजीत ओरडून ताटात आलेल्या फरसबीत डुकराचा खिमा निघतो, कारण तिथे परतलेल्या फरसबीवर तो घालतातच. मापो टोफूतही खिमा असतो. पालेभाजी डुकराच्या चरबीवर परतली जाते, सूपमध्ये कोंबडीची पूड असते, चकाकी येते ती कालवांच्या सॉसने. यात कुणी तुमचा धर्म बुडवायला बसलेलं नाही. मांस नको, चरबी नको, कोंबडीची पूड नको, कालवांचा सॉस नको, ही चार वाक्यं चिनीत सांगितली की स्वयंपाकी मान डोलावतो आणि कढई धुऊन टोमॅटो, टोफू, वांगी करून देतो. बौद्ध शाकाहाराची तिथे जुनी परंपरा आहे. शांघायचं गोंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह 1922 पासून चालू आहे. डुक्कर चालत नसेल तर मुसलमानी खानावळींच्या हिरव्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. उत्तरेकडे सकाळी राळ्याची पेज मिळते. तेच राळे, जे आपल्या देशावरच्या शेतातून आपणच हद्दपार केले. पण आपण “चायनीज” म्हणजे गाडीवरचं मंचुरियन समजतो आणि ते मिळालं नाही म्हणून त्या देशाला नावं ठेवतो.

आणि यात पोटापेक्षा मोठं नुकसान धंद्याचं होतं. तिथला कारखानदार पाहुण्याला जेवायला नेतो. गोल टेबल, मधे फिरता काचेचा पाट, आणि दिवसभर कार्यालयात जे बोललं गेलं नाही ते सगळं तिथे बोललं जातं. पुढच्या महिन्यात भाव चढणार की उतरणार, कुठल्या कारखान्याला पर्यावरण खात्याने टाळं लावलं, कुणाकडे माल पडून आहे. आमचे लोक “पोट बिघडलंय” म्हणून खोलीवर जातात आणि थेपल्याला लोणचं लावून खातात. उद्याच्या भावाची बातमी त्या टेबलावर राहते.

भाषा जमत नाही म्हणणाऱ्यांना मी आपल्याच दोन माणसांची आठवण करून देतो. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले. युद्ध चालू असताना, जखमींच्या रांगा लागलेल्या असताना ते चिनी शिकले, चिनीत रुग्णांशी बोलले, चिनीत विद्यार्थ्यांना शिकवलं, बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले तेव्हा वय 32. वसंत परांजपे 1947 मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि 1954 मध्ये नेहरू चीनला गेले तेव्हा नेहरू आणि माओ यांच्यामधला दुभाष्या हा मराठी माणूस होता. तेव्हा ना ॲप होतं ना यूट्यूब.

कान आणि लिपी यांचा बाऊ करणाऱ्यांनी पुण्यात जाऊन यावं. तिथे मराठी पोरं वर्षानुवर्षं जपानी शिकताहेत. जपानीत रोजच्या वापराच्या कांजी अक्षरांची सरकारी यादीच 2136 अक्षरांची आहे, आणि ती अक्षरं मुळात चीनमधूनच गेलेली. ती पाठ करणारी पोरं इथेही आहेत. पण जपानीमागे नोकरी दिसते, चिनीमागे फक्त धंदा, आणि धंद्यासाठी शिकायचं असतं हेच आम्हाला मान्य नाही.

सरकारही कमी नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकी भाषांमध्ये चिनी होती, अंतिम कागदातून ती गेली. कोरियन, जपानी, थाई, पोर्तुगीज, रशियन मात्र त्यात आहेत. गलवानमध्ये आपले 20 जवान शहीद झाले होते, भावना समजू शकते. पण लष्कराने काय केलं ते बघा. लष्कर आपल्या माणसांना चिनी शिकवतं, प्रादेशिक सेनेत चिनी जाणणाऱ्यांची भरती करतं. सीमेवरच्या जवानाला जे कळतं ते दिल्लीतल्या शिक्षण खात्याला का कळू नये? तिकडे चीनमध्ये हिंदीचं शिक्षण 1942 पासून चालू आहे, 1949 पासून पेकिंग विद्यापीठात. यिवूत दुकानदारांसाठी इंग्रजी, अरबी, स्पॅनिशचे वर्ग चालतात. विकणारा आपली भाषा शिकतो आणि विकत घेणारा तोंड मिटून पैसे मोजतो.

फोन आहे की, असं मला सांगितलं जातं. गूगल तिथे चालत नाही, चिनी ॲप चालतात आणि बरं काम करतात. पण फोनला तुम्ही जे बोलता तेवढंच तो फिरवून सांगतो. गाळेवाली मागे वळून आपल्या पोऱ्याला काय म्हणाली, कारखानदार फोनवर कुणाला कुठला भाव सांगत होता, ते फोन ऐकत नाही. धंदा तिथेच असतो.

म्हणून मी उल्हासनगरच्या व्यापारी संघटनांना आणि अंबरनाथ-बदलापूरच्या कारखानदार संघटनांना सरळ विचारतो. सत्कार, स्नेहसंमेलनं, परदेश दौरे, मंडप, यासाठी पैसा निघतो. एक शिक्षक ठेवायला का निघत नाही? सी.एच.एम. कॉलेज उल्हासनगर स्टेशनाला लागून आहे, वाणिज्य शाखेची शेकडो पोरं रोज तिथे येतात, त्यांच्यातली कितीतरी उद्या आपल्याच गाद्यांवर बसणार आहेत. संध्याकाळी दोन तास, दोन वर्षं. परवाना वाचणं, शिक्का ताडणं, भाव करणं, जेवण मागवणं एवढं नक्की येईल. पत्र मी तयार केलं आहे आणि या महिन्यात तिन्ही गावांच्या संघटनांच्या कार्यालयात स्वतः नेऊन देणार आहे. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.