शास्त्र आणि संसार : घराचें बळ सांध्यांत

भाग आधीं घडवावयाचे आणि घर मागाहून उभारावयाचें, ही रीत आपणांस अपरिचित नाहीं. जुनीं घरें आपण खणांनींच मोजीत आलों. सुतार खांब व तुळया अगोदर तासून ठेवी आणि मग सांगाडा उभा करी. भंडाऱ्याकडील छपरावरचें एखादें कवेलू फुटलें, तर तेवढेंच बदलतां येई.

हीच रीत आज वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतींस लागू झाली आहे. खांब, तुळया, जिने, क्वचित् सबंध भिंतीही कारखान्यांत काँक्रीटच्या ओततात व यारीनें उचलून जागेवर बसवितात. महाराष्ट्रांत या पद्धतीशीं पसरणीचे अभियंते कै. बाबुराव शिर्के (१९१८–२०१०) यांचें नांव जोडलेलें आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं पुण्याजवळ बालेवाडीचें क्रीडासंकुल त्यांच्याच कंपनीनें अल्पावधींत उभारलें.

या पद्धतीचा लाभ केवळ वेळेचा नव्हे. आमच्या वैशाखांतल्या उन्हांत ओलें काँक्रीट पुरतें घट्ट होण्यापूर्वींच पाणी गमावतें व त्यास तडे जातात. कारखान्यांत सावली, ओलावा व वाफ हीं हाताशीं असतात. म्हणून तुकडा पक्का निघतो.

परंतु पक्के तुकडे म्हणजे पक्कें घर नव्हे. लंडनमधील रोनन पॉइंट ही बावीस मजली इमारत अशाच तयार भिंतींची होती. १६ मे १९६८ रोजीं अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. तेथील भिंत बाहेर फेकली गेली, आणि तिच्या आधारावरचा इमारतीचा सारा कोपरा खालपर्यंत कोसळला. चार माणसें दगावलीं. भिंतींचा परस्परांशीं असलेला बंध तोकडा पडला होता. एक भाग निखळला तरी सारें घर ढासळूं नये, असा नियम त्यानंतर इंग्लंडांत झाला.

भंडाऱ्याचीं कित्येक कुटुंबें आतां मुलांच्या नोकरीपायीं नागपूर-पुण्यास उंच इमारतींत घर घेतात. त्यांनीं फरशीच्या रंगापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या : सांध्यांतील सळया एकमेकींत गुंतवून पोकळी पूर्ण भरली आहे काय, आणि तें कोणीं तपासलें? राहावयास गेल्यावर कपाटासाठीं वा दारासाठीं भिंत मात्र अभियंत्यास विचारल्यावांचून फोडूं नये. आपल्या खोलीची ती भिंत वरच्या बिऱ्हाडांचाही भार वाहत असूं शकते.