बोलक्यांचं शिक्षण

‘पोरगी बोलकी आहे, जनसंपर्कात घाला,’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. संज्ञापन व्यवस्थापनाची (कम्युनिकेशन मॅनेजमेंट) पदव्युत्तर पदवी घ्यायला निघालेल्यांनी तो विसरलेला बरा. पुण्याजवळ लवळ्याला सिम्बायोसिसच्या संस्थेत हा विषय एमबीए म्हणून शिकवला जातो. म्हणजे लेखणीच्या जोडीला संशोधनपद्धती, ग्राहकाचं वर्तन आणि पैशांचा हिशेबही आला.

वर्गात चघळण्यासारखं उदाहरण मॅगीचं. जून 2015मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिच्यावर बंदी आणली. मुख्य मुद्दे दोन: शिशाचं प्रमाण आणि पाकिटावरचा ‘एमएसजी घातलेलं नाही’ हा दावा. मॅगीची कंपनी नेस्ले प्रयोगशाळेच्या अहवालांवर बोट ठेवत राहिली. प्रश्न मात्र आयांचा होता: कालच डब्यात दिली, आता काय? ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून फेरतपासणी करायला सांगितली, नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानांत आली. कायद्याची लढाई जिंकली, पण बंदीआधीच्या काही आठवड्यांतलं ग्राहकांबाबतचं मौन फार महागात पडलं, असं माझं मत.

विद्यार्थ्यांनी इथे पत्रकाचा मसुदा लिहून थांबू नये. संचालकांच्या बैठकीत संज्ञापनाचा माणूस होता का, आणि त्याचं कोणी ऐकलं का, हे विचारावं. (बहुतेक कंपन्यांत त्याला निर्णय झाल्यावर बोलावतात, तेही ‘जरा छान लिहून द्या’ म्हणायला.) या अंकात प्रवेशपरीक्षा, शुल्क आणि नोकऱ्यांची माहिती आहेच, प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेत मराठी वाचकाचा, श्रोत्याचा अभ्यास होतो का, तेवढं जरूर विचारा.