परिशिष्ट 9 एकदा उघडून तर पाहा



घटना म्हटली की आपल्याला 26 जानेवारी आठवतो, शाळेतले झेंडावंदन आठवते. ते पुस्तक हातात घेऊन शेवटची पाने चाळलेला माणूस मात्र गावात शोधावा लागेल. आम्हीही ती फार उशिरा चाळली. कलमे संपल्यावर मागे 12 परिशिष्टे आहेत. त्यातले नववे म्हणजे नुसती कायद्यांच्या नावांची यादी. अनुक्रम 284 पर्यंत जातो आणि त्यातले बहुतेक कायदे शेतजमिनीचे आहेत.

मूळ घटनेत हे परिशिष्ट नव्हते. 1950 साली मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता, कलम 19 मध्ये आणि कलम 31 मध्ये. बिहार सरकारने जमीनदारी मोडण्याचा कायदा केला, जमीनदार कोर्टात गेले आणि मार्च 1951 मध्ये पाटणा हायकोर्टाने तो कायदा रद्द ठरवला. जूनमध्ये लगेच पहिली घटनादुरुस्ती झाली. घटनेला दीड वर्षही झाले नव्हते, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. त्या दुरुस्तीने कलम 31 ब आणि परिशिष्ट 9 आणले. ज्या कायद्याचे नाव या यादीत, तो मूलभूत हक्कांविरुद्ध आहे या कारणावरून रद्द होणार नाही. कोर्टाने आधीच रद्द केला असेल तरी तो जिवंत होणार.

सुरुवातीला यादीत 13 कायदे होते. दुसरा होता मुंबई राज्याचा 1948 चा कूळकायदा. खरे ते बोलले पाहिजे. खानदेशात कितीतरी घरांचे नाव सातबाऱ्यावर लागले ते या कायद्यामुळे. जमीनदारी गेली याचे दुःख आम्हाला नाही, उलट गेली हे बरेच झाले. पण जमीनदाराच्या वाड्यासाठी आणलेले कुलूप पुढे आपल्याच घराला लागले.

1964 च्या सतराव्या दुरुस्तीने यादीत आणखी 44 कायदे घातले. त्यात महाराष्ट्राचा 1961 चा कमाल जमीनधारणा कायदाही गेला. (कोरडवाहूची मर्यादा 1975 पासून 54 एकर. आपल्यातल्या कितीजणांकडे आता त्याच्या चौथा हिस्सा तरी उरला आहे?) त्याच दुरुस्तीने एक चांगली गोष्टही केली, तिची आठवण कोणी करून देत नाही. जमीनसुधारणेच्या कायद्याखाली सरकारने जमीन घेतली आणि ती कमाल मर्यादेच्या आतली व स्वतः कसलेली असेल, तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला चालणार नाही, असे कलम 31 अ मध्ये लिहिले गेले. ते आजही तिथे आहे.

1976 साली, आणीबाणीत, चाळिसावी दुरुस्ती झाली. तेव्हा यादीत कोणते नाव घुसले? 1955 चा आवश्यक वस्तू कायदा! त्यात जमीनसुधारणेचा एक शब्द नाही. त्याचे मूळ लढाईच्या काळातल्या नियंत्रणांत. 1946 चा त्याचा पूर्वज तर नावानेच तात्पुरता होता. 1955 च्या कायद्याच्या मूळ यादीत धान्य होते, तेलबिया होत्या, सरकी होती, आणि कापूसही होता, सरकी काढलेला आणि न काढलेला. म्हणजे आपले घरचे सगळेच. भाव चढू लागले की साठ्यावर मर्यादा येतात, व्यापारी खरेदी आवरतो आणि आपल्या ज्वारीचा, डाळीचा भाव खाली येतो. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी वेगळ्या, 1971 च्या कायद्याने आली, पण वृत्ती तीच. सीमेवरच्या नाक्यांवर आमचा कापूस चोरीचा असल्यासारखा अडवला गेला.

आणीबाणी उठली, पण 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच काढून टाकला. उरले कलम 300 अ. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढेच ते सांगते. कायदा करणारे तेच, मग हा आधार किती पक्का?

तरीही दार पूर्ण बंद नाही. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की घटनेचा मूळ गाभा संसदेलाही मोडता येणार नाही. 1980 मध्ये वामनराव खटला झाला, तो आपल्याच राज्याच्या कमाल जमीनधारणा कायद्यावरचा. कायदा टिकला, पण 24 एप्रिल 1973 नंतर यादीत घातलेले कायदे या कसोटीवर तपासता येतील असे ठरले. 11 जानेवारी 2007 ला नऊ न्यायाधीशांनी तेच पक्के केले.

आवश्यक वस्तू कायदा यादीत गेला 1976 साली. म्हणजे या तारखेनंतर.

जिल्हा बैठकीला येताना तालुक्यातल्या एका तरी वकिलाला बरोबर आणा. कलम 19 मधला व्यवसायाचा हक्क धरून हा कायदा आज कोर्टात तपासून घेता येईल का, आणि त्यासाठी आपल्याकडची कोणती पट्टी, साठा अडवल्याचा कोणता कागद पुरावा म्हणून चालेल, हे त्यांना विचारायचे आहे. असे कागद घरात असतील तर तेही पिशवीत टाका.